सोजरबाईची गाठ

खंडूनं शिशाच्या वजनांचा पट्टा कमरेला आवळला, बकल लावलं आणि वरून सुती दोरीची करकचून गाठ मारली.

"गाठ सोड," समोर हवेच्या टाक्या तपासत असलेला भीमराज म्हणाला. वर्षभरात खंडूशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द.

पौषातली सकाळ. नव्या धरणाचं पाणी त्या साली इतकं गार होतं, की मासे काठावर उन्हं खात पडत आणि माणूस आला तरी उठायचा कंटाळा करत. खोटं वाटेल त्यानं स्वतः उतरून पाहावं. तळाशी कंपनीच्या पाण्याच्या नळाची जाळी तुंबली होती. एकट्यानं उतरायचं नाही हा नियम. नाहीतर महाळुंग्याचा खंडू या नौदलातून आलेल्या भीमराजबरोबर चहाच्या टपरीवरही उभा राहिला नसता. गेल्या थंडीत खंडूचा थोरला भाऊ रंगराव याच जाळीपाशी त्याच्या जोडीनं उतरला होता. वर आला तो एकटा भीमराज.

दोघांनी अंगात दोन-दोन लोकरी स्वेटर चढवले होते, वर रबरी पोशाख. राखीव हवा सोडायची दांडी उजवीकडे, दिवा छातीवर. डावखुऱ्या भीमराजचा चाकू डाव्या पोटरीला. काळोखात जोडीदाराचा हात न चाचपडता पोचला पाहिजे, असं सगळं बांधायचं. जोडीदार वैरी असला तरी.

"तुझं तू बघ," खंडू म्हणाला. "आमच्या घरची गाठ हाय ही."

घरची म्हणजे त्याच्या आईची, सोजरबाईची. तिनं बांधलेला बैल एकदा उधळला, तो खुंटा, गव्हाण आणि शेजाऱ्याचं अर्धं कुंपण ओढत चाकणच्या बाजारात पोचला. गाठ जशीच्या तशी!

"हवा संपली की शिसं टाकून वर यायचं असतं. बकल एका झटक्यात सुटतं. ही गाठ सुटेल?"

"तुझ्या बकलावर माझा इस्वास न्हाई. तुझ्यावर तर न्हाईच. भावाला खाली सोडून आलास, आता मला शिकवतोस व्हय?"

भीमराज उठला, पोटरीचा चाकू उपसून थेट दोरीकडे आला. खंडूनं त्याचं मनगट धरलं.

"हात लावशील तर याद राख!"

चाकू दोघांच्या मधे, उन्हात. पात्याला टोक नव्हतं. धारेला दाते पडले होते.

"हे कशानं मोडलं?"

"रंगरावच्या पट्ट्यावरची ओली गाठ. खाली बकल. खुपसून पिळला." भीमराजनं मनगट हिसडून घेतलं. "माझीही हवा संपत आली होती."

"मग बोलला का न्हाईस? सगळं गाव तुझ्या नावानं थुंकतंय."

भीमराजनं चाकू म्यानात सारला.

"ही गाठ तुम्हा दोघांना शिकवली कुणी?"

खंडूनं कमरेवरची गाठ चाचपली.

मग तो खाली बसला. गारठलेल्या बोटांना गाठ दाद देईना, तेव्हा त्यानं टोकदार दगड घालून ती सैल केली. दोरी सुटली. ती घडी करून त्यानं आपल्या कपड्यांखाली सारली.

"यानं आपलं काही मिटलं न्हाई," तो म्हणाला.

"मिटवायचंय कुणाला? जाळी साफ करायचीय."

भीमराज पाण्याकडे चालू लागला. खंडूनं पट्टा पुन्हा बांधला. क्षणभर थांबून सोडला, उलटा फिरवला आणि बकलाची जीभ जोडीदाराच्या डाव्या हाताला सापडेल अशी बसवली.