मंडळावरची खुर्ची आणि घरातली घंटा

हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं असतं, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण शाळेला प्रेमाचा उमाळा आला आणि तिने दिली हातात धरून वाजवायची जुनी पितळी घंटा. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती पहिल्यांदा घणघणली आणि त्यांच्या बायकोच्या हातातली कपबशी फुटली.

बायकोला गल्लीत सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. शिकवलं त्यांनी आयुष्यात कुणाला नव्हतं, पण मास्तराशी लग्न केल्यावर ते नाव चुकत नाही. घराची शाळा व्हायला वेळ लागला नाही. फ्रिजच्या दारावर वेळापत्रक चिकटलं. बाई दुपारी जरा पेपर घेऊन पाय पसरायच्या, तोच घंटा व्हायची आणि आतून आवाज यायचा, ‘‘मधली सुट्टी संपली.’’ भाजी अळणी झाली तर हेडमास्तर पहिला घास गिळून शेरा द्यायचे, ‘‘सुधारणेस वाव आहे.’’ नवऱ्यावर बाईंचं प्रेम होतं, नाही असं नाही. पण ते अकरा ते पाच घराबाहेर असणाऱ्या नवऱ्यावर होतं.

अशात बाईंचा मावसभाऊ देवासारखा धावून आला. तो शिक्षणमंत्र्यांचा पीए होता.

‘‘ताई, शिक्षण मंडळावर एक जागा रिकामी झालीये,’’ तो म्हणाला. ‘‘रोज अकरा ते पाच काम. भावोजींचं नाव मी पुढे सरकवलंय.’’

बाईंनी त्याला दुसरा चहा दिला.

‘‘पण साहेबांची एक रीत आहे. मागच्या मंडळावर सगळे जागा मागून मागून आलेले. त्यांनी पूर्ण मुदतभर काय केलं, तर स्वतःच्या खुर्च्यांना कापड निवडलं. तेव्हापासून साहेब माणसाच्या घरी चहाला जातात आणि तीनदा विचारतात. पहिल्या दमात हो म्हणाला तो हावरट. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो.’’

‘‘आणि तिसऱ्यांदाही नाही म्हटलं तर?’’

‘‘साहेब उठतात. तुमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांची जागा अशीच गेली. भिडस्त माणूस. नको नको म्हणत साहेबांना गाडीत बसवलं आणि मग गाडीमागे धावले.’’

त्याच संध्याकाळी तालीम सुरू झाली. बाई मंत्री झाल्या, हेडमास्तर हेडमास्तरच राहिले.

‘‘मला ती जागा हवी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मग नको कसं म्हणू? मी खोटं बोलत नाही.’’

‘‘अहो, दोनदाच तर म्हणायचंय.’’

‘‘खोटं ते खोटं.’’

बाई टेकीला आल्या. ‘‘बरं, मग खरी कारणं शोधा. तुम्ही मंडळावर का नको, दोन मुद्दे काढा.’’

इथेच बाई चुकल्या. मास्तराला कधी निबंधाचा विषय देऊ नये. हेडमास्तरांचे डोळे चमकले. ते लगेच टेबलाशी जाऊन बसले आणि जेवायलाही उठेनात.

रविवारी मंत्री आले. गुबगुबीत, हसतमुख गृहस्थ, बिस्किट चहात नेमकं विरघळायच्या आधी काढणारे. पीए त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला.

‘‘सर, मंडळावर याल का?’’ मंत्र्यांनी विचारलं.

हेडमास्तर उभे राहिले. ‘‘नाही. मंडळाच्या बैठका दुपारी असतात आणि दुपारी मी डुलक्या काढतो.’’

पीएने बाईंकडे पाहून मान डोलावली.

‘‘तरी पण, याच.’’

‘‘नाही. मंडळात दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. उभ्या नोकरीत मी कुणाचं ऐकलेलं नाही, आता ती सवय लागणार नाही.’’

मंत्री खूश दिसले. त्यांनी आणखी एक बिस्किट उचललं. ‘‘सर, शेवटचं विचारतो. याल?’’

बाई पदर सावरून पुढे सरकल्या.

‘‘तुमचं लक्ष कुठे आहे?’’ हेडमास्तर म्हणाले. ‘‘मी आत्ताच दोन मुद्दे मांडले. दोन्ही बिनतोड आहेत. लिहिता लिहिता मला स्वतःलाच पटले. असल्या माणसाला मंडळावर मी तरी घेतलं नसतं.’’

पीएने कपाळावर हात मारला. बाईंना रडूच आलं. पुढची सगळी वर्षं त्यांना फ्रिजच्या दारावर चिकटलेली दिसली. आणि तेवढ्यात हेडमास्तरांनी घड्याळ पाहून घंटा वाजवली. ‘‘चहाची वेळ संपली.’’

मंत्री दचकले. बिस्किट चहात बुडालं.

‘‘वहिनी, हे रोज चालतं?’’ त्यांनी कपात बघत विचारलं.

‘‘घंटा नवी आहे,’’ बाई डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘बाकीचं लग्नापासून.’’

मंत्री विचारात पडले. मग पीएकडे वळले. ‘‘नियमात काय लिहिलंय रे?’’

‘‘शिक्षणाचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती.’’

‘‘दिलेल्या शिक्षणाचा की घेतलेल्या?’’

‘‘ते लिहिलेलं नाही, साहेब.’’

‘‘वहिनी, तुम्ही येता का मंडळावर?’’

‘‘इश्श, काहीतरीच. मला काय कळतंय त्यातलं?’’

‘‘मी थट्टा करत नाही. येता?’’

‘‘नको हो. घर कोण बघणार?’’

बाई हे अगदी मनापासून बोलल्या होत्या. मग त्यांची नजर मावसभावाकडे गेली. तो खुर्चीमागे उभा होता आणि त्याची दोन बोटं वर होती.

‘‘शेवटचं विचारतो,’’ मंत्री म्हणाले.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते रुमालाने घंटा पुसत होते.

‘‘उद्यापासून आले तर चालेल?’’ बाईंनी विचारलं.

सोमवारी बाई घराबाहेर पडल्या तेव्हा हेडमास्तर दारात उभे होते. हातात घंटा होती, पण ती वाजवायची कुणासाठी हे त्यांना कळत नव्हतं.

‘‘मग मी काय करू?’’ त्यांनी हळूच विचारलं.

‘‘फ्रिजवर लावलंय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पहिल्या तासाला भांडी.’’

पाच वाजून गेल्यावर त्या परतल्या, तर ताट मांडलेलं होतं. हेडमास्तरांनी भाजी वाढली आणि ते बाजूला उभे राहिले. इतकी वर्षं परीक्षा घेतली, पण निकालासाठी असं उभं राहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. बाईंनी घास घेतला. सावकाश चावला.

‘‘सुधारणेस वाव आहे,’’ त्या म्हणाल्या, आणि अजून थोडी वाढून घेतली.