कोऱ्या रेघेवरचं उदाहरण

चमच्याच्या कडेला वाळलेला दूधपाव, पापुद्र्यासारखा, आणि त्यात केसाएवढी तांबूस रेघ... सासूबाईंचा चमचा आपल्या डब्यात कसा, हे तिला दुपारी कचेरीत डबा उघडल्यावर क्षणभर कळेनाच. मग सकाळची गडबड आठवली.

डब्याशेजारी शब्दकोशाचं कार्ड पडलं होतं. इंग्रजी क्रियापद — हेसन (hasten). अर्थ तिनं केव्हाच लिहून टाकले होते : त्वरा करणे, घाईने जाणे, एखादी गोष्ट लवकर घडवून आणणे. त्याखाली ‘उदाहरण’, आणि पुढे कोरी रेघ.

‘‘कोशाला चौदा वर्षं झाली, अजून एच अक्षर संपत नाही,’’ पलीकडच्या टेबलावरून संपादक म्हणाले, ‘‘आणि बाई अडल्यात कुठे, तर घाईच्या शब्दावर! लिहा, सैनिक त्वरेने निघाले. व्हा मोकळ्या.’’

‘‘लिहिते, सर.’’

सैनिक काही डोळ्यांपुढे येईनात. सासूबाईंच्या हनुवटीवरून ओघळणारं दूध तेवढं दिसत राहिलं. रोज आठ वाजता तेच — तो ओला आ, हिरड्यांतून परतणारा लगदा, आंबूस वास. श्वास कोंडून भरवायचं, एक डोळा घड्याळावर. आज तिनं चमचा जरा... जरा कसला, चांगलाच रेटला. ओठ फाटला. म्हातारीनं बोंब मारली असती, नणंदेला फोन करून गाऱ्हाणं सांगितलं असतं, तरी बरं होतं. ती म्हणाली काय, तर, ‘‘दे गं पटपट, उशीर होतोय तुला,’’ — आणि तोंडातला घास गिळायच्या आत पुन्हा आ वासला. ठसकली, तरी वासला.

घाई म्हातारीनं केली. माझ्यासाठी.

इतके दिवस वाटायचं, किळस येते ती त्या लाळेची. ती स्वतःच्या हाताकडे बघत बसली. चमचा रेटणारा हाच, सुबक अक्षरात अर्थ लिहिणाराही हाच. उद्या आठ वाजता म्हातारी परत आ करील का? करील. करीलच, तेच तर...

ती बेसिनशी गेली. नळ सोडला. बंद केला. परत येऊन त्याच न धुतलेल्या चमच्यानं तिनं डब्यातला घास तोंडात घातला. आंबूस.

‘‘बाई, झालं का कार्ड?’’

तिनं हातानंच थांबा म्हटलं. घास जिभेवर तसाच होता, गिळून टाकता आला असता — आणि ती चावत राहिली, सावकाश, समोरची रेघ कोरीच ठेवून.