ऐनवेळचा विषय

"ज्या राष्ट्राला आपल्या थोर सुपुत्राला दिलेला शब्द शंभर वर्षांतही पाळता येत नाही, त्या राष्ट्राला इतिहास नसतो. नुसतं हवामान असतं."

एवढे बोलून राग्नवाल्डने सभागृहावरून नजर फिरवली. सभागृह म्हणजे नॉर्वेतल्या आमच्या गावच्या जुन्या शाळेतला एक वर्ग, आणि सभा म्हणजे इतिहास मंडळाचे पंधरा-वीस सभासद, त्यांतले निम्मे एकमेकांचे मेहुणे. शेजारच्या खोलीत राग्नवाल्डचीच बायको आस्लाउग वॅफल भाजत होती आणि वेलदोड्याचा वास दाराखालून आत येत होता.

अध्यक्षीण तोरब्योर्ग हिने पेनाला टोपण लावले. "झालं का तुझं, राग्नवाल्ड? वॅफल गार होतायत."

"नाही झालं," राग्नवाल्ड म्हणाला.

ते कधीच होत नसे. आमच्याकडे वार्षिक सभेची एक रीत आहे. आधी मागच्या सभेचे इतिवृत्त, मग जमाखर्च, मग निवडणूक, म्हणजे तीच माणसे तेच आढेवेढे घेऊन त्याच खुर्च्यांवर बसतात. मग येतात 'ऐनवेळचे विषय', आणि मग वॅफल, मुरंबा आणि कॉफी. यातले ऐनवेळचे विषय हे कलम कार्यक्रमपत्रिकेवर निव्वळ सभ्यपणा म्हणून असते. दारावरून जाणाऱ्याला आपण "या ना, बसा ना" म्हणतो, तसे. त्याने खरेच येऊन बसायचे नसते. राग्नवाल्ड एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून दरवर्षी येऊन बसत असे.

त्याचा विषय एकच, नील्स हेन्रिक आबेल. हा जगातला एक अव्वल गणिती शेजारच्या गावात पाद्र्याच्या घरी वाढला. त्यामुळे अभिमान शेजारच्या गावाकडे गेला आणि आमच्या वाट्याला असूया आली. आबेल गरीब होता. त्याचा एक मोठा शोध पॅरिसच्या विद्वानांनी कुठेतरी ठेवला आणि ते विसरून गेले. अठराशे एकोणतीस साली, सव्वीस वर्षांचा असताना, तो क्षयाने गेला. बर्लिनला त्याची नेमणूक होत असल्याचे पत्र निघाले, ते मृत्यूनंतर दोन दिवसांनी. राग्नवाल्ड या पत्राशी आला की मासेवाला योरुंड मोठ्याने नाक शिंकरत असे. ते सत्तावीस वर्षांत एकदाही चुकले नाही.

पुढची हकिगत अशी. त्या शतकाच्या शेवटी नोबेलच्या मृत्युपत्रात सगळ्यांना बक्षिसे होती, गणिताला नव्हते. तेव्हा आमच्या लोकांना वाटले की आपण आबेलच्या नावाने गणिताचे बक्षीस काढू. एकोणीसशे दोनमध्ये आबेलच्या जन्माला शंभर वर्षे झाली, मेजवान्या झडल्या आणि राजानेही मनावर घेतले. पण तो राजा आम्हा नॉर्वेवाल्यांचा आणि स्वीडनचा सामाईक होता. तीन वर्षांनी आम्ही स्वीडनपासून फारकत घेतली. स्वातंत्र्य आले आणि बक्षीस राहिले. गावातल्या बहुतेकांना हा सौदा बरा वाटे. राग्नवाल्डला वाटत नसे. मंडळाने सरकारला पत्र लिहावे आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यावी, एवढीच त्याची मागणी. त्यावर मंडळ दरवर्षी एकमताने ठराव करी, 'नोंद घेण्यात आली.' हा ठराव मला फार आवडतो. यात कोणाचे मन मोडत नाही आणि टपालाचे तिकीटही लागत नाही.

राग्नवाल्ड आमच्या शाळेत गणित शिकवी. मी त्याच शाळेत सुतारकाम शिकवत असे. त्याच्या तासाहून आलेली मुले माझ्याकडे आली की आधी नुसता लाकडावरून हात फिरवीत आणि सुस्कारा सोडीत. बाकी माणूस साधा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त स्वस्थ बसता येत नसे. कॉफी पितानाही एक पाय दारापाशी.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये तो बोटीची खोप रंगवत होता. मी शिडी परत द्यायला गेलो होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता. पंतप्रधान सांगत होते की आबेलच्या नावाने आंतरराष्ट्रीय पारितोषिक सुरू होणार, सरकारने निधी बाजूला काढला आहे. राजधानीतली काही प्राध्यापक मंडळी त्यासाठी झटत होती म्हणे. राग्नवाल्डचा हात हवेत थांबला. लाल रंगाचे थेंब त्याच्या बुटावर पडत राहिले.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"कशाबद्दल?" त्याने विचारले.

मी शिडी भिंतीला लावून ठेवली.

त्यानंतर त्याने लाकडांची रास उपसायला घेतली. थंडीसाठी फोडून ठेवलेले जळण कसे रचावे, ओंडक्याची साल वर की साल खाली, या प्रश्नावर आमच्या देशात संसार मोडले आहेत. राग्नवाल्ड जन्माचा साल-वरवाला. त्याने अख्खी रास मोडली आणि साल खाली करून रचली. मग ती मोडून पुन्हा साल वर. मग पुन्हा खाली. आस्लाउगचा मला फोन आला. ती घाबरून फोन करणारी बाई नव्हे. ती म्हणाली, "एविंड, इकडे येऊन जा जरा. आता त्याने शेजाऱ्यांच्या लाकडांना हात घातलाय."

मी गेलो. आम्ही दोघे ओंडक्यांवर बसलो. तो अर्थात मिनिटभरच बसला.

वसंतात वार्षिक सभा भरली. इतिवृत्त, जमाखर्च, निवडणूक. तोरब्योर्ग म्हणाली, "ऐनवेळचे विषय?" आणि सगळ्यांनी राग्नवाल्डकडे पाहिले. तो आपल्या तळहातांकडे पाहत होता. तोरब्योर्गने टपाल कचेरीत तीस वर्षे काढलेली, एक प्रश्न दोनदा विचारणे तिच्या स्वभावात नाही. तिने विचारला. "काहीच नाही, राग्नवाल्ड?" त्याने मान हलवली. योरुंडने खिशातून काढलेला रुमाल पुन्हा खिशात घातला.

त्या दिवशी इतिहास मंडळाने प्रथमच गरम वॅफल खाल्ले. दोघातिघांच्या जिभा भाजल्या. "गरम आहेत," योरुंड म्हणाला, पण कोणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात. दुसरा वॅफल कोणी मागितला नाही.

पुढे पारितोषिक सुरू झाले आणि दर मे महिन्यात वर्तमानपत्रात एक फोटो येऊ लागला. ओस्लोत राजवाड्याच्या बागेत आबेलचा पुतळा आहे. ज्याला पारितोषिक मिळते तो परदेशी विद्वान तिथे पुष्पचक्र वाहतो. राग्नवाल्डने तो फोटो कापून फ्रिजवर लावला. मग खोपेतून आवाज येऊ लागले. मी कान दिला. तो इंग्रजीतून एकच वाक्य घोकत होता. "आम्ही आपली एकोणीसशे दोनपासून वाट पाहत होतो." कधी 'आपली'वर जोर, कधी 'आम्ही'वर.

एवढे एक वाक्य त्या विद्वानाच्या तोंडावर म्हटले की तो मोकळा होणार होता. हे त्याने सांगितले नाही, पण आस्लाउगला कळले होते आणि मलाही. ती म्हणे, फोन करून सांग की त्या लोकांना, मी इतकी वर्षं हा विषय लावून धरला होता, मला बोलवा म्हणून.

"आपण होऊन सांगू?" राग्नवाल्ड म्हणाला. "मी काय स्वीडिश आहे?"

जायचे ठरवायला त्याला आणखी काही वर्षे लागली. शंभर वर्षे थांबलेल्या माणसाला घाई शोभत नाही. शेवटी आम्ही दोघे ओस्लोला गेलो. साल सांगत नाही. ते विद्वान गृहस्थ हयात असले तर पुढची गोष्ट त्यांना आवडेलच असे नाही.

आस्लाउगच्या हट्टामुळे राग्नवाल्डने सतरा मेचा, म्हणजे आमच्या संविधानदिनाचा, राष्ट्रीय पोशाख चढवला होता. गुडघ्यापर्यंतची विजार, लोकरी मोजे, नक्षीचे जाकीट, चांदीची बटणे, वर हॅट. मी आपला पावसाळी कोटात. बरोबर कागदात बांधलेले पाव, त्यात तपकिरी चीज. बागेत वारा बोचत होता आणि पावसाची भुरभुर चालू होती. उंच दगडी चौथऱ्यावर आबेल उभा, अंगावर चिंधी नाही आणि डोक्यावर सीगल.

एका अधिकारी बाईने राग्नवाल्डची बटणे पाहिली आणि त्याला दंडाला धरून पहिल्या रांगेत नेऊन उभे केले. तो कार्यक्रमातला कोणीतरी असावा असे तिला वाटले. आमच्या देशात त्या पोशाखातल्या माणसाला तू इथे काय करतोस असे कोणी विचारत नाही. आणि तो आपण होऊन सांगत नाही. मी दोरीमागे, पाव सांभाळत.

भाषण झाले. दुसरे झाले. ते विद्वान म्हणजे पातळ कोटातले एक वाळकुडे म्हातारे गृहस्थ. ते कधी या पायावर तर कधी त्या पायावर उभे राहत होते. त्यांनी पुष्पचक्र वाहिले. मग तिसरे भाषण झाले. आबेलचे सव्वीस वर्षांचे आयुष्य, पण आमच्या वक्त्यांनी त्याचे एक वर्षही सोडले नाही.

अखेर मंडळी सैल झाली. विद्वानांनी चौफेर पाहिले आणि ते तडक राग्नवाल्डकडेच निघाले. मी दोरीवरून पुढे वाकलो. राग्नवाल्डने हॅट काढली. त्याचे ओठ हलले, 'आम्ही' तेवढे बाहेर पडले असावे. तोच त्या गृहस्थांनी त्याच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटले.

राग्नवाल्डने ओठ मिटले. मग त्याने हॅट डोक्यावर ठेवली, त्यांना आपला हात दिला, आणि दोघे उतारावरून रस्त्याकडे भराभर निघून गेले. अधिकारी बाई छत्री घेऊन चार पावले मागे धावली आणि थांबली. मला वाटले, वाक्य पोचले. आता दोघे कुठेतरी बसून बोलतील. काळजीने मी एक पाव खाल्ला. मग त्याच्या वाटणीचाही.

बऱ्याच वेळाने ते परतले. विद्वान गृहस्थ पार बदलले होते. खांदे सैल, चेहरा तुकतुकीत, हनुवटीवर पिठीसाखर. त्यांनी राग्नवाल्डचा हात दोन्ही हातांत धरला आणि ते मोटारीत बसून गेले.

परतीच्या गाडीत तळी गेली, जंगले गेली. राग्नवाल्ड खिडकीबाहेर पाहत होता. नवलाची गोष्ट म्हणजे तो बसला होता.

"सांगितलंस?" मी विचारले.

"नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"लघवीला कुठे जायचं, म्हणाले."

तो बटणाशी चाळा करत बोलू लागला. आसपास असेलही सोय, पण त्याला सापडली नाही. मग रस्त्यापलीकडच्या कॅफेत नेले. तिथली पोरगी म्हणाली, आतली सोय फक्त गिऱ्हाइकांसाठी. म्हणून त्याने दोन बन घेतले. बन घेतले म्हणून बसावे लागले. त्यांचे हात गार पडले होते, तर कॉफीही घेतली. त्यांनी विचारले, आपण काय करता. याने सांगितले, शाळेत गणित शिकवायचो. त्यांनी विचारले, मुलांना सगळ्यात जड काय जायचे. हा म्हणाला, अपूर्णांक.

"त्यावर काय म्हणाले?"

"'मलाही,' म्हणाले."

"अरे, मग तेव्हा म्हणायचंस ना ते वाक्य. समोर बसला होता माणूस."

गाडी एका लांब बोगद्यात शिरली. ती बाहेर पडली तेव्हा तो खिडकीकडून माझ्याकडे वळला.

"एविंड," तो म्हणाला, "ज्या माणसाला एक तास धरून ठेवणं मुश्किल झालं होतं, त्याला मी काय सांगू? आम्ही शंभर वर्षं थांबलो म्हणून?"

त्या उन्हाळ्यात त्याच्या लाकडांची रास साल वर अशी रचलेली होती, आणि ती तशीच राहिली.

पुढच्या वसंतात वार्षिक सभा. इतिवृत्त, जमाखर्च, निवडणूक. आतून वेलदोड्याचा वास. अलीकडच्या वर्षांत तोरब्योर्ग ते कलम वाचतावाचताच पेनाला टोपण लावत असे. "ऐनवेळचे विषय," ती म्हणाली आणि उठू लागली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. राग्नवाल्ड उभा होता.

"जे राष्ट्र जगातल्या थोर विद्वानांना बोलावून आणतं, पुतळ्यापुढे वाऱ्यात उभं करतं, आणि तीन तीन भाषणं ऐकवतं, त्या राष्ट्राकडे थोडीतरी माणुसकी असावी," तो म्हणाला. मंडळाने सरकारला पत्र लिहावे अशी त्याची सूचना होती. पुष्पचक्राच्या कार्यक्रमात पहिले भाषण सुरू होण्याआधी पाहुण्यांना एवढे सांगावे, की स्वच्छतागृह कुठे आहे.

तोरब्योर्ग पुन्हा खाली बसली. तिने पेनाचे टोपण काढले, इतिवृत्ताचे पान उलटले, आणि तोंड शक्य तितके गंभीर ठेवून म्हणाली, "पार्श्वभूमी सांग."

योरुंडने रुमाल बाहेर काढला.

राग्नवाल्डने कोटाची बटणे लावली, घसा साफ केला आणि अठराशे एकोणतीस सालापासून सुरुवात करण्यापूर्वी शेजारच्या खोलीकडे तोंड करून म्हणाला, "आस्लाउग, तेवढे वॅफल झाकून ठेव गं."