काळ्या गाडीवरचे चरे

हरिभाऊंच्या काळ्या मॉरिस गाडीचं कौतुक उमेळे गावात कुणाला नव्हतं? खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त ते हरिभाऊंनाच होतं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मुंबईच्या एका पारशी डॉक्टरकडून त्यांनी ती घेतली. अंगणात चिंचेखाली ती उभी असायची. रस्त्यानं जाणारा माणूस आधी तिच्या चकचकीत दारात स्वतःचं तोंड बघायचा, टोपी सारखी करायचा आणि मगच पुढे जायचा.

हरिभाऊ वाडीवाले. पानवेली, केळी, नारळ, सगळं भरल्या घरचं. भावकीत बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून कुणाचं वाजलं की निवाड्याला हरिभाऊ. ते एकदा बोलले की दोन्ही पक्ष मान डोलावून उठायचे. अशा माणसाला आपण चुकू शकतो हे कुणी सांगायचं, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

गाडी पुसायचं काम ते स्वतःच करीत. सकाळी तोंड धुतलं की जुन्या धोतराचा मऊ फडका घ्यायचा, त्यावर घरच्या नारळाचं तेल घ्यायचं आणि टपापासून चाकांवरच्या पत्र्यापर्यंत गोल गोल हात फिरवायचा. पाणी? छे! समुद्र असा हाकेवर. खारा वारा इथलं लोखंड खातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोयत्याला तेल, रहाटाच्या कड्यांना तेल, बिजागऱ्यांना तेल. मग गाडी काय सोन्याची आहे? तिलाही तेलच. आणि तेल लावल्यावर ती अशी काही चमकायची की हरिभाऊंची छाती उगाच दोन बोटं फुगायची.

दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा नरहरी गाडीत बसताना दार कोपरानं लोटायचा. मूग गिळून बसणं हा त्याचा स्वभावच होता, त्यामुळे त्याला याचं काही वाटत नसे.

नरहरीची बायको मंदा आगाशीची, रामचंद्र राऊतांची मुलगी. लग्नाला वर्ष झालं आणि तिला दिवस गेले. एकदा हरिभाऊ कामासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा चिंचेवरच्या कावळ्यांनी गाडीच्या टपावर नको ते करून ठेवलं. उन्हानं ते वाळायला लागलं. मामंजी आले की घर डोक्यावर घेतील, असं वाटून मंदानं रिठे भिजवले, फेस केला आणि रेशमी लुगडं धुवावं तशी सगळी गाडी हलक्या हातानं धुऊन काढली. जड अंगानं वाकता येत नव्हतं, तरी खालपर्यंत धुतली. सासूबाईंनी, म्हणजे रुक्मिणीबाईंनी, "पुरे गं, दमशील" म्हटलं तरी थांबली नाही. मामंजी खूश होतील असं तिला वाटत होतं, बिचारीला.

हरिभाऊ रात्री उशिरा परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर भावकीतली मंडळी चहाला बसली होती. कोवळं ऊन गाडीवर तिरपं पडलं आणि हरिभाऊंच्या काळजात चर्र झालं. टपावर, पुढच्या झाकणावर, दारांवर, जिकडं बघावं तिकडं बारीक गोल गोल चरे. सूर्य जिथं चमकत होता तिथं तर त्याच्याभोवती चऱ्यांचं जाळंच दिसत होतं.

"कुणी हात लावला गाडीला?"

मंदा पुढे आली. "मी धुतली, मामंजी. कावळ्यांनी..."

"कशानं? काथ्यानं? राखुंडीनं? पितळेचा हंडा वाटला काय गं तुला?"

"रिठ्याच्या पाण्यानं. मऊ फडक्यानं धुतली."

"खोटं बोलू नकोस! डोळे आहेत मला." हरिभाऊंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "यापुढे माझ्या घरातल्या एकाही वस्तूला तुझा हात लागता कामा नये. समजलं?"

ओट्यावर कुणी हू की चू केलं नाही. चहाचे कप तेवढे वाजले. रुक्मिणीबाई आतून "अहो, हळू" म्हणाल्या ते कुणाला ऐकूच आलं नाही. मंदानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती आत गेली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. ती ठरल्यापेक्षा आधीच आगाशीला निघून गेली.

इकडे हरिभाऊ गाडी घेऊन गोखिवऱ्याला ऑगस्टीनकडे गेले. ऑगस्टीन मुंबईच्या गॅरेजात रंगाचं काम करून आलेला. आता रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून बसला होता. माणूस कामाचा, पण तोंडाला कुलूप नाही. आपल्यासारखा रंगारी बोरीबंदरापासून विरारपर्यंत दुसरा नाही, हे तो गिऱ्हाइकाला बसायला स्टूल द्यायच्या आधी सांगायचा.

त्यानं गाडी पाण्यानं धुतली, उन्हात उभी केली आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं.

"अरे देवा! कोनी केलं ओ हे?"

"सुनेनं धुतली."

"एक दिवस धुऊन?" ऑगस्टीन हसला. "अवो, हे रोजच्या हातचं काम हाय. वर्साचं तरी असंल."

"तू तुझं काम कर," हरिभाऊ म्हणाले. ऐकलं त्यांनी, ऐकलं नाही असं नाही. पण गावचे निवाडे करणाऱ्या माणसाला नको ते कानाआड करायची सवय असते.

ऑगस्टीननं काम सुरू केलं. बोटभर घासायची पेस्ट फडक्यावर घ्यायची, हातभर जागा धरायची आणि तिथं सरळ रेघेत हात चालवायचा. एकदा उभा, एकदा आडवा, गोल कधीच नाही. आधी जाड दाण्याची पेस्ट, मग पिठासारखी मऊ, शेवटी मेणाचं पॉलिश. मध्येमध्ये पाणी मारायचं, पुसायचं आणि उन्हात डोकं तिरकं करून बघायचं. फडका जमिनीवर पडला की तो फेकून द्यायचा, कितीही चांगला असला तरी.

"चरा काय भरून येत नाय, हरिभाऊ," तो घासता घासता म्हणाला. "त्याच्या बाजूचा रंगच तेवढा खाली आनायचा. म्हंजे सालच काढतो मी. दरवेळी काढीत बसलो तर खालचा पत्रा दिसंल. आता फडका सुका फिरवू नका. आधी भरपूर पानी, मग फडका. नि तेल तर नकोच."

"पाण्यानं गंजेल."

"मग गंजू द्या," ऑगस्टीन म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खूप वेळ हसला.

गाडी आरशासारखी होऊन घरी आली. दुसऱ्या सकाळी हरिभाऊ धोतराचा फडका आणि तेलाची वाटी घेऊन अंगणात हजर. काय करणार, हाताला सवय!

मंदाला मुलगी झाली. निरोप आला तेव्हा हरिभाऊंनी गावभर पेढे वाटले. महिना गेला, आणखी गेला, तशी रुक्मिणीबाईंनी नातीसाठी दुपटी शिवून ठेवली आणि नरहरीला आणायला धाडलं. नरहरी गेला तसा एकटाच परत आला. पुन्हा गेला, पुन्हा एकटा.

"काय म्हणते ती?" हरिभाऊंनी विचारलं.

नरहरीनं खाली बघितलं. मग म्हणाला, "म्हणते, मामंजींच्या घरातल्या वस्तूला माझा हात लागायचा नाही. मग येऊन काय हात बांधून बसू? आणि खोटारडी म्हणाले ते वेगळंच."

हरिभाऊ भडकले, दोन दिवस धुमसले. पण नातीचं तोंड बघितलं नव्हतं, ते आतून खात होतं. घरात रुक्मिणीबाई त्यांच्याशी कामापुरतं बोलत. नरहरी तर तेवढंही बोलेना. शेवटी रामचंद्रांचाच निरोप आला: लांबलेलं बारसं ठरलंय, व्याह्यांनी यावं. मंदा येते की नाही ते तिथंच कळणार होतं. त्या दिवशी नाही आली तर लोक उघड बोलायला लागणार, हेही हरिभाऊंना कळत होतं.

बारशाच्या सकाळी कावळ्यांनी पुन्हा टपावर आपलं काम केलेलं. निघायची घाई. हरिभाऊंनी स्वतःच रिठ्याचं पाणी घेतलं आणि गाडी धुतली. पाणी ओघळून गेलं, तेल गेलं, पत्रा सुकला. ऊन आलं.

चरे पुन्हा होते. टपावर, झाकणावर, दारांवर. तसेच, तिथेच.

हरिभाऊ हातात तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. मंदा तर इथं नव्हती. नरहरी कोपरानं दार लोटतो. गाडीला हात लावणारा जगात एकच माणूस. त्यांनी नकळत उजवा हात पत्र्यावर धरला आणि रोजच्यासारखा फिरवून बघितला. खालचा चरा बरोबर त्यांच्या हाताखालून वळला. रात्रभर वाऱ्यावर आलेली बारीक रेती आणि मीठ पत्र्यावर बसायचं, तेलाला चिकटायचं, आणि सकाळी ते प्रेमानं रगडायचे. तेलानंच चरे झाकले जायचे. पोरीनं फक्त तेल धुतलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

मग त्यांनी काय केलं? तेलाची वाटी आणली आणि गाडीला तेल लावलं! "पोटात कळ येतेय, तुम्ही जा," असं रुक्मिणीबाईंना सांगून ते खाटेवर पडून राहिले. रुक्मिणीबाई आणि नरहरी एसटीनं गेले आणि संध्याकाळी मंदाशिवाय परतले. मुलीचं नाव हंसा ठेवलं, एवढं रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी गोखिवऱ्याला. ऑगस्टीननं साबणाच्या पाण्यानं तेल धुऊन काढलं आणि मान वाकडी केली.

"सूनबायनं परत धुतली वाटतं?"

"ती माहेरी आहे."

"मग हे कोनी केलं? भुतानं?"

ऑगस्टीननं हरिभाऊंच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू आपोआप थांबलं. त्यानं पेस्टचा डबा उघडला. हरिभाऊ म्हणाले, "राहू दे," आणि गाडी तशीच, धुतलेली, चऱ्यांसकट घरी घेऊन आले.

ती सगळी रात्र त्यांना एकच भीती. ज्या ओट्यावर आपण लोकांचे निवाडे केले, तिथं आपणच आपलं तोंड काळं करून घ्यायचं? लोक हसतील. उद्या बांधाचं भांडण घेऊन कुणी येईल का? पण पोरीला बोललो होतो ते त्याच ओट्यावर. दुसरीकडे बोलून चालणार नव्हतं.

सकाळी चहाला तीच मंडळी जमली. ऊन गाडीवर आलं तसे हरिभाऊ उभे राहिले.

"ते चरे माझेच होते. सूनबाईनं काही केलं नव्हतं. मी तिला उगाच बोललो, तुमच्यासमोर बोललो."

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

"कसले चरे, हरिभाऊ?" शेजारचे शत्रुघ्न म्हणाले.

"गाडीवरचे. मी बोललो नव्हतो का तिला? माझ्या घरातल्या वस्तूला..."

"असं झालं होतं का? कधी?" शत्रुघ्न डोकं खाजवायला लागले. दुसरा कुणीतरी म्हणाला, अहो होतं असं घरात, आमच्याकडे तर रोजच. मग विषय पानवेलींवर पडलेल्या रोगाकडे गेला. हरिभाऊ उभेच होते. कुणी हसलंही नव्हतं.

ते तिथूनच गाडीत बसले आणि सोपाऱ्यावरून आगाशीला गेले. रामचंद्र घाईघाईनं बाहेर आले, खुर्ची मांडली. हरिभाऊ बसले नाहीत. मंदा दारात आली. हात पदराखाली.

"पोरी, चरे माझ्याच हातचे होते. गाडी तशीच आणलीय, बघ. आज ओट्यावर सगळ्यांना सांगितलं, मगच आलो."

मंदानं गाडीकडे बघितलंही नाही. "मला त्याच दिवशी कळलं होतं. धुताना दिसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला लागले होते की. खोटं बोलू नकोस म्हणालात."

हरिभाऊंनी मान खाली घातली. मग तिनंच विचारलं, "सगळे काय म्हणाले?"

सगळ्यांना वाईट वाटलं, असं सांगणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"कुणाला आठवतच नव्हतं," ते म्हणाले.

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

मंदा उंबऱ्यावर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच रडायला लागली. "मी बाजारात जाईनाशी झाले, मामंजी. मला वाटायचं, सगळे माझ्या हातांकडेच बघतात."

हरिभाऊ तिच्याशेजारी खाली, उंबऱ्यावरच बसले. रामचंद्र पाणी घेऊन आले आणि तसेच मागे सरले. बऱ्याच वेळानं मंदा उठली, पदरानं डोळे पुसले आणि हंसाचे कपडे बांधायला आत गेली.