अग्नीचं जहाज

वर्षातून एकदा आमच्या लेम्नॉस बेटावर सगळ्या चुली विझतात. भिजवलेले जव नि अंजिरं खायची आणि डेलॉस बेटावरून नवा अग्नी आणणाऱ्या जहाजाची वाट पाहायची. त्या दिवसांत कुठंच धूर नसतो, आणि बेट पाण्यावर तरंगत निघालंय असं वाटतं. माणसंही झोपेत असल्यासारखी हळू चालतात.

वरच्या गुहेत फिलोक्टेटीस राहायचा. धनुष्याचा नेम असा, की ढगाआडचा पक्षीही खाली यायचा. ट्रॉयच्या लढाईला जाताना त्याला साप चावला, पाय चिघळला, आणि घाण वास सोसवेना म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला इथं टाकून दिलं. आमचे लोक तरी कुठले शहाणे! दगडावर भाकरी ठेवून नाक दाबून पळायचे. पाय धुवायला मीच जायची. माझा जीव होता त्याच्यावर, लपवू कशाला?

त्या सकाळी शीड दिसलं. "आलं गं बायांनो, आलं!" म्हातारा बिथिस ओरडला. न पेटवलेल्या मशाली घेऊन आम्ही गातच किनाऱ्यावर धावलो. गाणं ऐकून फिलोक्टेटीसही लंगडत उतरला, केस विंचरून! कुणी न सांगता त्यानंही गुहेतला विस्तव विझवला होता. धनुष्य मात्र वरच ठेवलं होतं. अग्नीच्या स्वागताला शस्त्र न्यायचं नाही, ही आमची रीत.

पण जहाजातून अग्नी उतरलाच नाही. उतरले ते फिलोक्टेटीसला टाकून गेलेल्यांपैकी दोघे.

"तुझ्या बाणांवाचून ट्रॉय पडत नाही," एक जण म्हणाला. "चल. छावणीत वैद्य आहे, पाय बरा करील."

"पाय सडत होता तेव्हा कुठं मेला होता तुमचा वैद्य? धनुष्य असतं ना हातात, तर दोघांना इथंच लोळवलं असतं!"

"जा की बाबा," बिथिस पुटपुटला, "आमची तरी वासातून सुटका होईल." मी त्याला मशालीनं ढोसलं.

फिलोक्टेटीस माझ्याकडे वळला. "तू सांग. तू राहा म्हणालीस, तर राहतो."

एवढंच ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! पण नजर त्याच्या पायावर गेली. दुखणं वाढलं की त्याचं ओरडणं खाली माझ्या अंगणापर्यंत यायचं.

"जा," मी म्हटलं. "बरा झालास की परत ये."

तो हसला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. "बरा झालेला माणूस आपल्या घरी जातो, वेडे."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं, गुहेतून त्याचं धनुष्य नि बाण आणले आणि त्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला जहाजापर्यंत नेलं.