तारबाबांचा बोल्ट

देगलूर नाक्यावरच्या हार्डवेअरमध्ये बारीक तार संपली.

एका नवरदेवानं हळदीच्या हातानं आपलं हेल्मेट मेव्हण्याला देऊन टाकलं.

हिमायतनगरच्या रस्त्यावर एक मडगार्ड बेवारस पडलं होतं. त्याला कुंकू लावलेलं.

"सर्व्हिसिंग? आता कशाला?" गाडीवाले गॅरेजपुढून जाताना विचारायचे.

या सगळ्याचं कारण बिलोलीच्या मैदानात मांडव घालून बसलं होतं. नाव तारबाबा.

व्यासपीठावर मोटारसायकल, डबल स्टँडवर. पुढच्या ब्रेकला दोन बोल्ट. एकाच्या डोक्यातल्या भोकात बाबांनी मंतरलेली तार ओवली, तिथंच गुंडाळून पीळ दिला. दुसरा उघडा ठेवला. शिष्यानं रेस वाढवली. गाडी थरथरली, मांडव थरथरला, बाबाही थरथरले. उघडा बोल्ट फिरत फिरत बाहेर आला आणि टणकन पडला. तारेचा हललाही नाही.

"बघा! लोखंडाला भक्ती कळती, माणसाला कळंना!" बाबा गरजले. "पाना हे कलियुगाचं हत्यार हाय. तार बांधा, पाना मांजरा नदीत सोडा!"

पहिल्या रांगेतल्या हनुमंतानं टाळ्या वाजवल्या. त्यानं पाना कधीच सोडला होता.

बायकांच्या बाजूनं त्याची बायको उठली. रुक्मिणबाई, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या.

"मला एक शंका हाय."

"खाली बस गं!" हनुमंत दात चावत म्हणाला. "चारचौघांत काय करून राहिलीस?"

"आपली राजकन्या रोज तुमच्या गाडीवर मागं बसून नायगावला कॉलेजात जाती. पोरीचा बाप टाळ्या वाजवतोय, म्हणून आईनं उठायचं." मग त्या बाबांकडे वळल्या. "तार सोडा अन् तोच बोल्ट परत चालवा."

"देवाची परीक्षा घेती का?"

"देवाची न्हाई. बोल्टाची."

गर्दी हसली. हसणाऱ्या गर्दीपुढे बाबांचं काही चालेना. तार सोडली, रेस वाढली. बोल्ट जागचा हलला नाही.

गॅरेजवाले निजामोद्दीन पुढे झाले, बोल्टाला पाना लावला. "अरे, ह्याला तर गच्च आवळलंय! अन् तो पडलेला नुसता बोटानं लावला व्हता."

"आता मंतरलेली तार त्या सैल बोल्टाला," रुक्मिणबाई म्हणाल्या. "बाबांच्याच हातानं."

बाबांनी बांधली. मंत्र जरा लांबलाच. बोल्ट तारेसकट बाहेर आला आणि शेपटीसारखी तार घेऊन पडला.

"तार कामाची हाय," रुक्मिणबाई वर्गात बोलतात तशा बोलल्या. "आधी बोल्ट आवळायचा. मग तारेचं एक टोक बोल्टात, दुसरं न हलणाऱ्या भागाला. बोल्ट सैल व्हाया लागला की तार ताणली जावी अन् तिनं त्याला धरावं. बाबांनी दोन्ही टोकं बोल्टालाच गुंडाळली. दोराची दोन्ही टोकं आपल्याच कमरेला बांधून विहिरीत उतरल्यावानी!"

तेवढ्यात बाबांना लातूरचा कार्यक्रम आठवला. ते आपल्या जीपनं गेले. जीपला तार नव्हती.

"निजामभाई," हनुमंत खाली बघत म्हणाला, "एक पाना द्या."

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच सांगा: आता उलटं करून दाखव. आणि ब्रेक असो की बाबा, हात लावून तपासल्याशिवाय आपलं लेकरू त्याच्या भरवशावर सोडू नका.

त्या दिवशी सकाळी, मांडवात यायच्या आधी, रुक्मिणबाईंनी हनुमंताच्या गाडीच्या ब्रेकचा, बाबांची तार बांधलेला बोल्ट दोन बोटांनी फिरवून पाहिला होता. तो फिरला.