आप्पांचे सहा तास

माझे सासरे, म्हणजे आप्पा, एक्केचाळीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रूफरीडर होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा ज्याला पगार मिळत होता, तो माणूस निवृत्त झाल्यावर घरात काय करत असेल, हे मी वेगळं सांगायला नको. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी 'परीक्षेला जाते, आशिर्वाद असू द्या' अशी चिठ्ठी टेबलावर ठेवून गेले होते. संध्याकाळी परत आले तर चिठ्ठी जागेवरच होती आणि त्यातला 'शि' दीर्घ केलेला होता. आशीर्वाद काही दिलेला नव्हता.

दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला. नजर आणि जीभ तेवढी शाबूत राहिली. उलटं झालं असतं तर घर शांत राहिलं असतं, असं मी रागाच्या भरात एकदा म्हणाले होते. मग मलाच रडू आलं, ती गोष्ट वेगळी.

नवरा सिटी बस चालवतो, पहाटे पाचला घराबाहेर पडतो. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. बारा वर्षं मी लोकांचं हसू घडवतेय आणि मालकांनी नुकतंच मला मुख्य कारागीर करायचं ठरवलं होतं. दोघं बाहेर असताना आप्पांना सांभाळायला सरकारी योजनेतून एक मदतनीस बाई यायच्या, रोज सहा तास, आठवड्याचे सहा दिवस. त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशी आप्पांना अंघोळ घालायच्या, चालवायच्या, जेवू घालायच्या आणि भांडायच्या. भांडणामुळे आप्पांची तब्येत सुधारतेय असं डॉक्टरही म्हणाले. डाव्या हातानं लिहायला त्यांना मावशींनीच शिकवलं, आणि पुढे त्याचंच आम्हाला फळ मिळालं.

योजनेचे बहुतेक पैसे केंद्र द्यायचं, ती चालवायचं राज्य. त्या वर्षीचा केंद्राचा अर्थसंकल्प टीव्हीवर चालू होता, मंत्रिमहोदय पाणी पीत पीत बोलत होते. मध्येच ते म्हणाले, की गृहसाहाय्य योजनेचं सुसूत्रीकरण करण्यात येईल. मी म्हटलं, बरं झालं, काहीतरी सुधारणा होतेय. आप्पांनी बोटांवर अक्षरं मोजली.

"कपात हा शब्द तीन अक्षरी आहे," ते म्हणाले. "याला सहा लागली. म्हणजे दुप्पट कापणार."

तीन महिन्यांनी राज्याचं पत्रक आलं. केंद्रानं हात आखडता घेतला, आमच्या तिजोरीत खडखडाट आहे, सबब प्रत्येक घराची नव्यानं तपासणी होईल. केंद्रातले म्हणत होते, राज्यानं आपल्या खिशातून द्यावं. राज्यातले म्हणत होते, वरून आल्याशिवाय देणार कुठून. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी सगळ्या राज्याची गत झाली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंचे तास आधीच गेले होते. त्यांचा मुलगा आता आईला दुकानात नेऊन बसवायचा आणि काकू गिऱ्हाइकांना कापड महाग आहे असं खरं सांगून टाकायच्या. माझ्या नणंदेनं तर सासूपायी नोकरीच सोडली होती.

तपासणीचा नियम सोपा होता. माणसाला काय काय करता येतं, त्याचे साठांपैकी गुण द्यायचे. वीसच्या आत गुण पडले तर सहा तास कायम, वीसच्या वर गेले की दोन. म्हणजे आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी नापास करण्यासाठी अभ्यास सुरू झाला.

दोन तासांत काय होणार होतं? एकदा मावशींना यायला तासभर उशीर झाला तेव्हा आप्पांनी चहाचं रिकामं भांडं गॅसवर ठेवलं, भांडं लालभडक झालं आणि हे शेजारी उभं राहून वर्तमानपत्रातल्या चुकांना खुणा करत होते. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. दोनच तास मिळाले तर कुणीतरी घरी बसायला हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण हे नवऱ्यानं एका रविवारी मोठ्या प्रेमानं सुचवलं. तू काही दिवस रजा घेशील का, असं तो म्हणाला. काही दिवस म्हणजे किती, हे त्याला सांगता येईना. आप्पा देवदयेनं अजून वीस वर्षं जगोत, पण तोवर माझं सगळं आयुष्य त्या काही दिवसांत गेलं असतं.

तालमीला मी तपासनीस झाले, नवरा प्रेक्षक. मी विचारलं, शर्ट स्वतः घालता येतो का. आप्पा म्हणाले, येतो. नवऱ्यानं आठवण करून दिली, की त्याला चाळीस मिनिटं लागतात आणि तरी बटणं मावशी लावतात.

"प्रश्नात वेळ विचारलेली नाही. आणि बटणाचा तर उल्लेखसुद्धा नाही," आप्पा म्हणाले.

तीन दिवस हे असंच चाललं. ज्या माणसाला झटक्यानंतर 'कसे आहात' विचारलं की 'उत्तम' म्हणायची सवय, त्याच्या तोंडून 'जमत नाही' हे दोन शब्द काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं होतं. शेवटी मावशीच पुढे झाल्या. काका, तुमचे चार तास गेले तर माझेही चार जातात, माझ्या घरी चूल कशी पेटायची, असं त्यांनी सरळ विचारलं. मग आप्पा म्हणाले, ठीक आहे, मावशींसाठी एक दिवस मी निकामी होतो.

तपासनीस बाई आल्या त्या धापा टाकतच. खांद्यावर फाइलींची पिशवी, पायात धुळीनं माखलेल्या चपला. कपात त्यांच्या खात्यातही झाली होती. पूर्वी दिवसाला चार घरं असायची, आता नऊ. पाणी पिता पिता त्या म्हणाल्या, की कार्यालयात टाइप करायला दोनच जण उरलेत आणि टाइप केलेलं तपासायला कुणीच नाही. आप्पांनी कान टवकारले. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं.

आप्पांनी काम चोख केलं, हे कबूल करायला हवं. शर्ट? जमत नाही. जेवण? सांडतं. जिना? नाव काढू नका. चेहरा असा काही पाडला होता, की मलाच वाटलं जाऊन पाठीवरून हात फिरवावा. खरं तर त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ते मोठ्यानं बोलणं त्यांना किती जड जात होतं, ते त्यांच्या कानाच्या लाल झालेल्या पाळ्यांवरून कळत होतं. बाईंनी बेरीज केली. सोळा गुण झाले होते. मावशी दारामागे उभ्या होत्या, त्यांनी छातीवर हात ठेवला.

आता फक्त सही उरली होती. बाईंनी अर्ज आप्पांपुढे सरकवला आणि डाव्या हातात पेन दिलं.

पेन सहीच्या जागी गेलंच नाही. ते वर गेलं, मथळ्यापाशी थांबलं.

"इथे 'रुग्णाची दीनचर्या' असं छापलंय," आप्पा म्हणाले.

मी घाईघाईनं म्हणाले, आप्पा, सही करा, बाईंना अजून घरं आहेत.

"ऱ्हस्व दि म्हणजे दिवस. दीर्घ दी म्हणजे बिचारा. मी रुग्ण असेन, पण दीन नाही. हे असं छापून घरोघरी वाटतात?"

आणि त्यांनी वेलांटी दुरुस्त केली. मग त्यांना थांबवणं ब्रह्मदेवाच्याही हातात नव्हतं. तिसऱ्या ओळीतला अनुस्वार, पाचव्या ओळीत दोनदा पडलेला 'आणि', दुसऱ्या पानावर क्रियापदाविना लोंबकळणारं एक वाक्य. डाव्या हातानं, समासात, छापखान्याच्या सगळ्या खुणांसकट त्यांनी चौदा चुका काढल्या. चेहऱ्यावर दीड वर्षात न दिसलेलं तेज आलं होतं. बाईंनी आ वासला. मी डोळे मिटून घेतले, कारण निदान एका दिवसापुरतं तरी त्यांनी दीन असायला हवं होतं.

नवव्या रकान्यात वाचन, लेखन आणि आकलन होतं. तो बाईंनी झटक्याची हकीकत ऐकून रिकामाच सोडला होता. आता तिथे पंधराच्या पंधरा गुण पडले. सोळा आणि पंधरा एकतीस. बाई कानकोंड्या झाल्या होत्या, पण डोळ्यांनी बघितलेलं न बघितल्यासारखं लिहायचं कसं, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं. जाताना त्या अर्जाची दुरुस्त केलेली प्रत कौतुकानं बघत जिना उतरल्या.

दार लागल्यावर मी जे बोलले ते आयुष्यात कधी सासऱ्यांशी बोलले नव्हते.

"आप्पा, तुमच्या एका वेलांटीपायी माझी नोकरी गेली."

आप्पा नेहमी माझ्या वाक्यातही काहीतरी चूक काढतात, ती या वेळी काढली नाही. पुढचे दोन आठवडे घरात वर्तमानपत्राला कुणी खूण केली नाही. मावशी मुकाट्यानं येत, मुकाट्यानं जात, आणि भांडण नसल्यामुळे आप्पांची भूक मेली. मी मालकांना जाऊन सांगितलं, की मुख्य कारागीर दुसरं कुणी बघा. त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. घरी येताना बसमध्ये मला आप्पांचा इतका राग आला आणि त्या रागाची इतकी लाज वाटली, की उतरायचा थांबा मागे गेला.

पत्र एका शनिवारी दुपारी आलं. नवरा घरी होता, त्यानंच फोडलं. त्यानं पहिली ओळ वाचली, परत वाचली आणि मला जोरात हाक मारली.

पत्रात लिहिलं होतं, की तपासणीअंती अर्जदारास दररोज सहा तास, आठवड्यातून सहा दिवस, साहाय्य मंजूर करण्यात येत आहे. खाली शिक्का, सही, सगळं होतं. नवऱ्यानं मला खांद्यांना धरून गदागदा हलवलं. मावशी मटकन खुर्चीत बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. त्या तपासनीस बाईंच्या रूपानं देवच धावून आला, असं त्या म्हणत होत्या. मलाही तसंच वाटलं. एकतीस गुणांना सहा तास कसे, हे विचारायचं कुणाच्याही मनात आलं नाही. धर्माच्या गाईचे दात मोजायची हौस मला दिवसभर दातांतच घालवूनही नव्हती.

आप्पांनी चष्मा मागितला. ते काहीही वाचतात ते ओळीखाली तर्जनी, पूर्वी उजव्या हाताची, आता डाव्या, सरकवत वाचतात, एकदा अर्थासाठी आणि एकदा अक्षरांसाठी. बोट सावकाश सरकत होतं. मंजुरीच्या ओळीवरून गेलं, तारखेवरून गेलं, अगदी तळाच्या बारीक अक्षरांपाशी आलं आणि तिथे थांबलं.

बोट थांबलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. मी सतरा वर्षं ते बघतेय.

"काही चूक आहे का, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मावशींकडे. खोलीत नवरा तेवढा शीळ घालत होता.

"शुद्ध आहे," आप्पा म्हणाले.

मी पत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि त्या तळाच्या ओळीवर नजर टाकली. 'एकूण साप्ताहिक तास : १२' असं तिथे छापलं होतं. सहा सक छत्तीस, हे मलाही येतं. बारा म्हणजे रोजचे दोन. टाइप करणाऱ्याच्या हातून दोनच्या जागी सहा पडले होते आणि ते तपासायला वर कुणी उरलेलं नव्हतं. एक माणूस होता, तो आमच्या घरात खुर्चीत बसला होता. एक्केचाळीस वर्षांत ज्यानं एक स्वल्पविराम वाकडा जाऊ दिला नाही, त्यानं माझ्यासाठी चोवीस तासांची चूक तशीच सोडली होती.

मी वाकून त्यांच्या पायांवरची चादर नीट केली. ती नीटच होती.

"सूनबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तेवढं ते पत्र माझ्या नजरेआड ठेव. परत दिसलं, तर मला राहवणार नाही."